लार्ज फॉरमॅटवर लँडस्केप काढायचंय? आधी क्रम पाठ करा

लार्ज फॉरमॅट, म्हणजे फिल्मच्या एकेका सुट्या मोठ्या तुकड्यावर (शीटवर) फोटो घेणारा कॅमेरा, म्हटलं की लोक टिल्ट, स्विंग, झोन सिस्टिम असल्या शब्दांनाच घाबरतात, पण खरं सांगू का, शीट वाया जाते ती यांच्यामुळे फारच कमी वेळा. ती जाते शटर उघडं राहिलं म्हणून, होल्डर (दोन्ही बाजूंना एकेक शीट ठेवायची चपटी पेटी) खुपसताना कॅमेरा हलला म्हणून, एक्स्पोज झालेल्या बाजूवरच परत दुसरा फोटो घेतला म्हणून. म्हणजे सगळी गडबड कामाच्या क्रमात असते. म्हणून इथे सौंदर्यशास्त्र वगैरे बाजूला ठेवून हातांनी काय आणि कशानंतर काय करायचं तेच जास्त लिहितोय.

सामानाचं पटकन उरकतो. सुरुवात ४×५ इंचानेच करा. ८×१० बघायला भन्नाट वाटतो पण कॅमेरा, होल्डर, ट्रायपॉड सगळ्याचंच वजन आणि खर्च वाढतो, आणि ४×५ ची निगेटिव्हसुद्धा ३५ मिमीच्या फ्रेमच्या तेरा-चौदा पट मोठी असते, तेवढी पुष्कळ झाली. डोंगरात चालत जायचं असेल तर घडी होणारा फील्ड कॅमेरा घ्या, मोनोरेलला (एकाच दांडीवर बसवलेल्या कॅमेऱ्याला) मूव्हमेंट, म्हणजे लेन्स आणि फिल्म वेगवेगळी सरकवायची-झुकवायची सोय, भरपूर पण पाठीवर नेताना जीव जातो. पहिली लेन्स १५० मिमी, ही ४×५ ची नॉर्मल लेन्स. दुसरी घ्यायचीच तर ९० किंवा २१०, पण वर्षभर एकच वापरलीत तर डोळ्याला तिची चौकट आपोआप कळायला लागते. लेन्स घेताना इमेज सर्कल, म्हणजे लेन्स मागे पाडते त्या गोल चित्राचा व्यास, मात्र बघा. कोपरे झाकायला कमीत कमी १५५ मिमीच्या आसपास लागतो, आणि लेन्स वर-खाली करायची असेल तर २०० च्या पुढे असलेला बरा. बाकी मग चार-पाच होल्डर, लूप (काचेवर टेकवायचं भिंग), काळं कापड, केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची तार), स्पॉट मीटर (छोट्याशा भागाचा उजेड मोजणारा). कॅमेरा जुना असेल तर अंधाऱ्या खोलीत बेलोजच्या, म्हणजे लेन्स आणि फिल्मच्या मधल्या घड्यांच्या भात्याच्या, आत टॉर्च लावून बाहेरून सगळ्या घड्या आणि कोपरे बघून घ्या, सुईएवढं भोक असलं तरी उन्हात शीटवर उतरतंच.

फिल्म भरणं हे पहिलं खरं काम. एक शीट बळी द्यायची, म्हणजे सरळ उजेडात उघडून तिच्यावर सराव करायचा, आधी बघून, मग डोळे मिटून, मग चेंजिंग बॅगेत (बाह्यांतून हात घालायची उजेडबंद पिशवी). शीट उभी धरली आणि कोपऱ्यातल्या खाचा वरच्या उजव्या बाजूला आल्या की इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारी बाजू, तुमच्या तोंडासमोर आहे, एवढं बोटांना पाठ झालं की झालं. होल्डरमध्ये ती दोन्ही बाजूंच्या रेल्सच्या खाली सरकली पाहिजे. इथे बरेच लोक फसतात, एक बाजू रेलच्या खाली आणि दुसरी वर, आणि अंधारात वाटतं की मस्त बसली. म्हणून शीट आत गेल्यावर कडेने नख फिरवून बघायचं, आणि हलकेच वर उचलायचा प्रयत्न करायचा, उचलली गेली तर चुकलंय. मग खालची झडप बंद आणि डार्क स्लाइड (शीट झाकणारी सरकती पट्टी) आत, पांढरी बाजू बाहेर. पांढरी म्हणजे कोरी फिल्म, काळी म्हणजे एक्स्पोज झालेली, आणि पांढऱ्या बाजूच्या कडेला टेंगळं किंवा खाचा असतात त्या अंधारात हाताला लागतात. काहीजण उलटा नियम पाळतात, पाळा बापडे, पण एकदा ठरवला की आयुष्यभर तोच.

धूळ हा वेगळाच डोक्याला ताप आहे. आकाशात काळे ठिपके आले प्रिंटमध्ये की समजा होल्डरमध्ये धूळ होती. भरायच्या आधी प्रत्येक होल्डर उघडून ब्लोअर मारायचा, ब्रश फिरवायचा, आणि डार्क स्लाइडच्या खाचेत अडकलेली धूळ पडावी म्हणून होल्डर हातावर दोन-तीनदा आपटायचा. भरून झालं की झिपच्या पिशवीत. बॅगेत हात घालून फार वेळ काम केलं की आत घाम आणि दमटपणा साठतो, तेव्हा दोन-तीन होल्डर भरून थोडा ब्रेक घ्या किंवा मग तंबूसारखी चेंजिंग टेंट घ्या, तिचं कापड हातावर पडत नाही.

आता जागेवर. पोचल्या पोचल्या ट्रायपॉड उघडायचा नाही! एक काळा पुठ्ठा घ्या, मधे ४×५ इंचाची खिडकी कापा, आणि लेन्सच्या फोकल लेंग्थएवढ्या अंतरावर डोळ्यासमोर धरा. १५० मिमीची लेन्स असेल तर डोळ्यापासून १५ सेंटीमीटर, २१० असेल तर २१. एक डोळा मिटून त्यातून जे दिसतं तेच साधारण शीटवर येणार आहे. हा पुठ्ठा हातात घेऊन हिंडा, खाली बसा, दगडावर चढा, दोन पावलं डावीकडे व्हा. कॅमेरा एकदा मांडला की माणूस जागा बदलायला आळस करतो, ही माझी ठाम समजूत आहे, त्यामुळे ट्रायपॉडचे पाय कुठे येणार ते कॅमेरा पाठीवर असतानाच ठरलेलं बरं.

मांडताना सगळ्या मूव्हमेंट शून्यावर आणा, म्हणजे पुढचा आणि मागचा स्टँडर्ड (लेन्स आणि फिल्म धरणाऱ्या चौकटी) एकमेकांना समांतर, आणि बबल बघून कॅमेरा सरळ करा. ॲपर्चर पूर्ण उघडं, शटरची प्रिव्ह्यूची दांडी उघडी, डोक्यावर कापड. मागच्या दुधी काचेवर, म्हणजे ग्राउंड ग्लासवर, चित्र उलटं दिसणार, वरचं खाली आणि डावं उजवीकडे. पहिले काही दिवस वैताग येतो पण लवकरच त्याचा फायदा कळतो, कारण डोंगर हा डोंगर म्हणून न दिसता नुसता एक गडद आकार म्हणून दिसतो आणि चौकट कुठे जड झालीय ते पटकन लक्षात येतं. कडा मुद्दाम चारी बाजूंनी फिरून बघा, कडेने आत घुसलेली एखादी फांदी काचेवर अंधुक असते आणि निगेटिव्हवर अगदी ठसठशीत.

उंच झाड किंवा कडा चौकटीत बसत नसेल तर कॅमेरा वर वाकवायचा मोह आवरा. वाकवला की झाडांचे बुंधे वरती एकमेकांकडे झुकतात. त्याऐवजी कॅमेरा सरळच ठेवून पुढचा स्टँडर्ड वर घ्या, याला राइज म्हणतात. मागची फिल्म उभी राहिली म्हणजे झाडंही उभी राहतात. राइज किती घेता येईल हे इमेज सर्कलवर ठरतं, आणि ते तपासायची एक सोपी युक्ती आहे: ग्राउंड ग्लासचे कोपरे बऱ्याचदा कापलेले असतात, ज्या ॲपर्चरवर फोटो घेणार ते लावून त्या कापलेल्या कोपऱ्यातून लेन्सकडे बघायचं. ॲपर्चरचं भोक अख्खं दिसलं तर तो कोपरा वाचला, अर्धवट कापलेलं दिसलं तर तिथे काळोखी येणार.

आता टिल्ट. लँडस्केपमध्ये लोक याच्याच प्रेमात पडतात आणि नको तिथे वापरतात. साधी गोष्ट अशी की लेन्स आणि फिल्म समांतर असतात तेव्हा शार्प फोकसचं प्रतल पण त्यांना समांतर, म्हणजे तुमच्यासमोर भिंतीसारखं उभं असतं. लेन्स थोडी पुढे झुकवली की हे प्रतल आडवं पडायला लागतं, आणि पायाजवळच्या फुलांपासून लांबच्या डोंगरापर्यंतची जमीन एकाच वेळी शार्प होते, तीसुद्धा ॲपर्चर फार बारीक न करता. ऑस्ट्रियन लष्करातल्या थिओडोर शाइमफ्लुगच्या नावाने हा नियम ओळखला जातो, त्याने १९०४ च्या पेटंटमध्ये हे मांडलं होतं, तेही हवेतून काढलेल्या फोटोंचा तिरकेपणा घालवण्यासाठी.

किती झुकवायचं? लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप कमी. जमीन शार्प हवी असेल तर लेन्सची फोकल लेंग्थ भागिले जमिनीपासून लेन्सची उंची, दोन्ही एकाच मापात, आणि येणाऱ्या आकड्याला ५७ ने गुणा, साधारण तेवढे अंश. १५० मिमी लेन्स दीड मीटर उंचीवर असेल तर ०.१, म्हणजे जेमतेम ६ अंश. ९० मिमीला तर साडेतीनच्या आत. काचेवर करायची पद्धत: लांबच्या गोष्टीवर फोकस करा, जवळची गोष्ट शार्प होईपर्यंत हळूहळू झुकवा, लांबचं बिघडलं असेल तर परत फोकस करा, परत जवळचं बघा, दोन-तीन फेऱ्यांत जमतं. प्रत्येक वेळी लूप लावूनच, नुसत्या डोळ्यांनी काचेवर सगळंच शार्प वाटतं.

मेख अशी आहे की टिल्ट केल्यावर शार्पनेसची जागा पाचरीच्या आकाराची होते, कॅमेऱ्याजवळ पातळ आणि लांब जाईल तशी जाड. म्हणजे जवळच एखादं उंच झाड उभं असेल तर त्याचं मूळ शार्प आणि शेंडा गेला. अशा वेळी टिल्ट विसरा आणि सरळ ॲपर्चर बारीक करा. माझ्या मते सपाट मैदान, किनारा, तळं, फुलांचा गालिचा यांना टिल्ट, आणि जंगलाला, जिथे जवळ उभे बुंधे आहेत तिथे, टिल्ट शून्य.

ॲपर्चर अंदाजाने लावू नका, त्यालाही चांगली रीत आहे. सगळ्यात जवळचा बिंदू शार्प करा आणि स्टँडर्ड रेलवर कुठे आहे ती खूण बघा, मग सगळ्यात लांबचा, परत खूण बघा. दोन खुणांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि स्टँडर्ड बरोबर मधे ठेवा. अंतर १ मिमी असेल तर एफ/१६ आणि २२ च्या मधे (आकडा मोठा तेवढं भोक बारीक), २ मिमीला एफ/२२ च्या थोडं पुढे, ३ ला एफ/३२, ५ ला जवळपास एफ/४५. त्याच्यापुढे गेलात की डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) सगळंच थोडं मऊ व्हायला लागतं, तेव्हा ५ च्या वर आकडा आला तर चौकटच बदला, जवळचा दगड सोडा किंवा एक पाऊल मागे या. रेलवर मिलिमीटरची पट्टी नसेल तर कागदाची चिकटवा, फुकटातलं काम आहे आणि उपयोग रोजचा.

एक्स्पोजर. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हला शॅडो वाचवा, स्लाइड फिल्मला हायलाइट वाचवा, आणि कलर निगेटिव्हला एखादा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्तच द्या, ती बिचारी सगळं सहन करते. स्पॉट मीटर ज्याच्यावर रोखाल त्याला तो मधला करडा समजतो. म्हणून ज्या अंधाऱ्या भागात थोडा तपशील हवाय तिथलं रीडिंग घ्यायचं आणि दोन स्टॉप कमी द्यायचे, म्हणजे तो भाग झोन ३ वर, काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या पायऱ्यांतल्या गडद पण तपशील असलेल्या पायरीवर, बसतो. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांची झोन सिस्टिम ती हीच, तिचा एवढा बाऊ करायची गरज नाही. मग सगळ्यात उजळ पण तपशील हवा असलेला भाग मोजा, तो शॅडोपेक्षा चार स्टॉप वर असेल तर नेहमीचं डेव्हलपिंग, पाच-सहा असेल तर वेळ कमी करायची, तीनच असेल तर वाढवायची. शीटचा हा मोठा फायदा, रोलसारखं सगळ्या फ्रेमना एकाच मापाने मोजावं लागत नाही.

यानंतर बेरजा, आणि इथे क्रम चुकला की शीट गेली. समजा पहाटेची वेळ, एफ/२२ ला शॅडोचं रीडिंग १६ सेकंद आलं. झोन ३ साठी दोन स्टॉप कमी, ४ सेकंद. आकाश गडद करायला ऑरेंज फिल्टर लावलाय, तो दोन स्टॉप खातो, परत १६ सेकंद. आणि सगळ्यात शेवटी रेसिप्रॉसिटी, कारण लांब एक्स्पोजरमध्ये फिल्मची संवेदनशीलता कमी होत जाते. इलफर्ड एफपी४ प्लससाठी कंपनीने दिलेला घातांक १.२६ आहे, १६ चा १.२६ वा घात म्हणजे साधारण ३३ सेकंद. हेच तुम्ही रेसिप्रॉसिटी आधी लावून मग फिल्टर धरला असता तर उत्तर २३ सेकंदांच्या आसपास आलं असतं, म्हणजे अर्धा स्टॉप कमी, आणि तो सगळा शॅडोतनं जातो. एचपी५ प्लसचा घातांक १.३१. फोमापॅन १०० तर याबाबतीत फारच वाईट, मोजलेल्या १० सेकंदांना तिच्या डेटाशीटप्रमाणे ८० द्यावे लागतात, तेव्हा पहाटेसाठी ती नेऊ नका, दिवसा छान आहे. फोनमधल्या कॅल्क्युलेटरवर होतं हे सगळं, किंवा एक छोटा तक्ता कॅमेऱ्याच्या पिशवीला अडकवून ठेवा.

अगदी जवळच्या गोष्टीवर फोकस असेल तर बेलोज ताणला जातो आणि उजेड कमी पोचतो, त्याचा हिशोब पण रेसिप्रॉसिटीच्या आधी करायचा. बेलोजची लांबी भागिले फोकल लेंग्थ, त्याचा वर्ग. १५० ची लेन्स आणि बेलोज २२५ मिमी तर सव्वादोन पट, म्हणजे एक स्टॉपपेक्षा किंचित जास्त. नेहमीच्या डोंगर-दऱ्यांना याची गरज पडत नाही.

आणि आता तो क्रम, जो झोपेतसुद्धा हातांना आला पाहिजे. फोकस झाला, सगळे नॉब घट्ट केले. प्रिव्ह्यूची दांडी बंद. ॲपर्चर लावलं, स्पीड लावला. शटर कॉक करून (स्प्रिंग ताणून) एकदा रिकामंच उडवून बघितलं, समोर येऊन पाती खरंच बंद आहेत ना ते डोळ्यांनी पाहिलं. परत कॉक केलं. एका हाताने कॅमेरा धरून दुसऱ्या हाताने होल्डर सरकवला, स्प्रिंग कडक असते आणि कॅमेरा न धरता ढकललात तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. होल्डर खाचेत टक्कन बसला का ते बघितलं. लेन्सकडची डार्क स्लाइड, हो लेन्सकडची, ती सरळ बाहेर काढली, तिरकी ओढली तर होल्डर उचकटून कोपऱ्यातून उजेड शिरतो. ऊन कडक असेल तर काळं कापड होल्डरवरच टाकलं. दहा सेकंद काहीही न करता थांबलो. वारा बघितला. केबल सैल धरून दाबली. स्लाइड काळी बाजू बाहेर करून आत, होल्डरचा हुक फिरवून बंद, मग होल्डर बाहेर. लगेच वहीत नोंद: होल्डर नंबर, बाजू, फिल्म, एक्स्पोजर, डेव्हलपिंग नेहमीचं की कमी-जास्त.

यात "झालं असेल" म्हणून एकही पायरी गाळायची नाही. कुणी मधेच बोलायला आलं तर हसून हात वर करा आणि क्रम पुरा झाल्यावर बोला, किंवा सरळ पहिल्यापासून सुरू करा.

वाऱ्याचं जरा सांगतो. बेलोज म्हणजे शिडासारखाच प्रकार आहे, वारा भरला की आख्खा कॅमेरा थरथरतो. ट्रायपॉड खाली घ्या, मधला खांब अजिबात वर काढू नका, बॅग लटकवा पण जमिनीला टेकेल अशी, अधांतरी ठेवलीत तर तीच झोके खाते. छत्री असेल तर वाऱ्याच्या बाजूने धरा. वारा सलग नसतो, दोन झोतांच्या मधे थोडी शांतता असते, तिची वाट बघायची. एक सेकंदाचं एक्स्पोजर अशा फटीत बसतं, ३३ सेकंदांचं नाही, म्हणून वाऱ्याच्या दिवशी फिल्टर काढा, नाहीतर जास्त संवेदनशील अशी ४०० ची फिल्म वापरा.

होल्डरच्या दोन्ही बाजूंवर शक्यतो एकच फोटो घ्या. एक आधी डेव्हलप करायची, बघायची, दुसरीची वेळ त्यानुसार बदलायची, शिवाय एकीवर ओरखडा आला तर दुसरी आहेच. पण उजेड पळत असेल तर दुसरी मिळेलच असं नाही. ॲडम्सने १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र ८×१० वर घेतला तेव्हा त्याला मीटरच सापडेना, चंद्र किती उजळ असतो तो आकडा पाठ होता म्हणून त्यावरून एक्स्पोजर काढलं, आणि दुसऱ्या शीटसाठी होल्डर फिरवेपर्यंत दफनभूमीतल्या क्रॉसवरचं ऊन गेलेलं होतं. म्हणून पहिली शीट अशी घ्या की जणू दुसरी नाहीच.

डेव्हलपिंग घरी करा, शीटसाठी डार्करूमच हवी असं नाही, दिवसाउजेडी चालणाऱ्या टाक्या मिळतात, फक्त भरायचं काम अंधारात. एफपी४ प्लस बॉक्स स्पीडला (डब्यावर छापलेल्या संवेदनशीलतेला) आयडी-११ डेव्हलपरमध्ये एकास एक पाण्याने, २० अंशांना ११ मिनिटं, इथून सुरुवात करा आणि मग आपल्या स्कॅनर किंवा पेपरप्रमाणे बदला. आकाशात पट्टे किंवा कडेला जास्त काळपट आलं तर हलवण्याची पद्धत बदला, कायम एकाच दिशेने हलवलं की असं होतं. ट्रेमध्ये करणार असाल तर आधी साध्या पाण्यात शीट एकेक करून भिजवा, कोरड्या शीट एकमेकींना चिकटल्या की सुटता सुटत नाहीत, आणि सुरुवातीला एका वेळी दोनच घ्या, कारण खालची शीट वर घेताना तिचा कोपरा दुसरीच्या इमल्शनला लागला की सरळ रेघ उमटते. सुकवताना एका कोपऱ्यातून तिरकी टांगा, म्हणजे पाणी एकाच टोकाला ओघळतं. सुकली की तिच्या स्लीव्हवर वहीतलाच होल्डर नंबर टाका, पुढच्या वेळी एखाद्या होल्डरच्या शीटवर सारखी एकाच जागी उजेडाची रेघ दिसली तर कुठला होल्डर बाद करायचा ते लगेच कळेल.